पत्र आल्यावर बोलीन

चिंचवड, ५ जानेवारी १९५७, शनिवार

या वहीची पहिली चार पानं फाडून टाकली. त्यांत आमच्या मराठीच्या प्राध्यापकांना शिव्या होत्या. इंटरच्या वर्गात साठ जणांसमोर माझा निबंध वाचून दाखवून ते हसले. मी वही हिसकावून घेतली आणि बाहेर पडलो, तो परत गेलो नाही. प्रिन्सिपॉलांनी माझ्याकडून लेखी माफीनामा मागितला होता, तो दिला नाही. या गोष्टीला आता चार महिने झाले. नव्या पानांवर शिव्या नकोत.

आज दोन्ही पार्सलं टपालात टाकली. ‘हृदयाची राख’, कथा-पटकथा-संवाद, बेचाळीस प्रवेश. एक प्रत कोल्हापूरच्या निर्मात्यांना, एक पुण्याचे दिग्दर्शक नानासाहेब यांना. उत्तरासाठी तिकिटंही आत ठेवलीत.

कोल्हापूरची प्रत माझ्या अक्षरात आहे, नानासाहेबांची शालनच्या. शालन म्हणजे आमचे घरमालक मारुतराव यांची मुलगी. सातवी पास आहे. गावातल्या कितीतरी बायकांची पत्रं तीच लिहिते. नवरे मुंबईला गिरणीत, बायका इथे. दुपारी ओट्यावर येऊन बसतात, पदर तोंडाला लावून सांगतात, आणि ही लिहिते. अक्षर छापल्यासारखं. माझे बेचाळीस प्रवेश उतरवायला तिला दीड महिना लागला. मध्ये एकदा म्हणाली, “ही गौरी सासूसंगं अशी का बोलती?” मी म्हटलं, “शालन, हा तुझा प्रांत नाही. तू नुसतं उतरव.” त्यानंतर एक शब्द बोलली नाही. असं माणूस मिळायला भाग्य लागतं.

दादा म्हणजे उद्धवराव, माझा थोरला भाऊ. पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात टाइमकीपर आहे. त्याने सांगून टाकलंय: मे महिना संपेपर्यंत गप्प बसेन, जूनमध्ये पॅकिंगमध्ये चिकटायचं, साहेबांशी बोलून ठेवलंय. मी हसलो. जून म्हणजे फार झालं. पंधरा दिवसांत पत्र येईल. पत्र आलं की शालनशी बोलायचं आणि मग दादाला मारुतरावांकडे पाठवायचं. कॉलेज सोडून घरी बसलेला दीर एवढीच सध्या माझी ओळख आहे. तेवढ्यावर बोलणार नाही.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. शालन तिळगूळ घेऊन आली. वहिनी आत होत्या. ती दारातच उभी राहिली.

“पत्र आलं न्हाई तर?”

“येणारच.”

“न्हाईच आलं तर काय करनार, ते इचारते.”

“अगं, नऊच दिवस झालेत. निदान पंधरा तरी लागतात.”

तिने वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “मी पत्राचं इचारत न्हवते.” आणि गेली.

मग कशाचं विचारत होती? मला नीट लक्ष देता आलं नाही. पस्तिसाव्या प्रवेशातलं वादळ पडद्यावर कसं घेणार हा विचार डोक्यात होता.

२९ जानेवारी, मंगळवार

चोवीस दिवस. आता टपालाच्या गाडीच्या वेळेला स्टेशनावर जाऊन उभा राहतो. थैली उतरते, हमाल ती पोस्टात नेतो, मी मागे मागे जातो. पोस्टमन दत्तोबा थैली फोडतो तेव्हा मी खिडकीशी असतो.

आज म्हणाला, “राव, तुमी असं बघता की मला वाटतं मीच तुमची बायकू पळवून थैलीत घातलीया.”

खिडकीतली माणसं हसली. मी त्याला काहीतरी बोललो. काय ते लिहीत नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

काही नाही.

११ फेब्रुवारी

काही नाही. निवडणुकीच्या सभेचे कर्णे दिवसभर. वहिनींनी गवार निवडायला दिली. निवडली.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दत्तोबाच्या हातात एक जाड पाकीट दिसलं. पुण्याचा शिक्का. मी खिडकीतून हात घालून ओढलं. ते देवस्थानच्या कारभाऱ्यांचं निघालं. ओढताना कोपरा फाटला. दत्तोबा म्हणाला, “सरकारी टपाल हाय, ज्योतीराम. फौजदारी व्हईल.” मी म्हटलं, “कर.” तो खळ लावून पाकीट चिकटवायला लागला. म्हणाला, “घरी जावा. आलं तर मी जेवायच्या आधी आनून देईन. आईची आन.”

घरी आलो. राग आला होता असं वाटतं. नक्की सांगता येत नाही. हल्ली काय येतं आणि काय जातं ते मला उशिरा कळतं.

४ मार्च, सोमवार

दिवस कसा जातो ते लिहून ठेवतो, म्हणजे तो गेला याला पुरावा राहील. सकाळी स्टेशन नाही, दत्तोबाला शब्द दिलाय. अंघोळ. चहा. मग घाटावर पवनेच्या पायऱ्यांवर बसतो. समोरच्या काठावर थेरगावच्या म्हशी येतात, पाण्यात बसतात, जातात. दत्तोबाची सायकल आमच्या आळीत येऊन गेली असेल असा अंदाज घेऊन घरी यायचं. कोनाड्यात बघायचं. मग झोपायचं. संध्याकाळी दादाची पाळी सुटते. त्याच्या सदऱ्याला आंबूस वास असतो. तो विचारतो, “काय?” मी म्हणतो, “काही नाही.” तो हात-पाय धुतो.

नवं काही लिहायला घेतलं होतं. एका पानानंतर वाटलं, आधीचंच कुणी वाचलं नाही, हे कुणासाठी? ठेवून दिलं.

९ मार्च, शनिवार

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “भाऊजी, एक विचारू? मारुतराव आपल्यातलेच आहेत. हे एकदा बोलले तर ते नाही म्हणायचे नाहीत. शालनच्या आईचा, आक्काबाईंचा, तर तुमच्यावर जीव आहे.”

मी म्हटलं, “पत्र आल्यावर.”

“आणि त्यांच्याकडे आधी कुणी आलं तर?”

“पत्र आल्यावर, वहिनी.”

त्यांनी भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली. नंतर म्हणाल्या, “भोसरीचं एक स्थळ येऊन गेलंय. पोराचा स्वतःचा ट्रक आहे. विटा वाहतो.”

विटा! ज्या मुलीने ‘हृदयाची राख’ अक्षर न् अक्षर उतरवली ती विटांच्या ट्रकला हो म्हणेल? मला उलट हसू आलं.

१ एप्रिल, सोमवार

पाडवा, आणि आजपासून सरकारचे नवे पैसे. आणे गेले. सकाळी गुढीला हात जोडताना एकदम लक्षात आलं: मी पाकिटात घातलेली तिकिटं आण्यांची होती! ती आता बाद झाली असणार. म्हणजे नानासाहेबांनी उत्तर लिहून ठेवलंय आणि तिकीट चालत नाही म्हणून ते टेबलावर पडलंय. तसाच दत्तोबाच्या घरी गेलो. तो पुरणपोळी खात होता.

“चालत्यात जुनी तिकिटं,” तो म्हणाला. “आन ज्याला लिवायचंय त्यो तिकिटासाठी थांबत न्हाई, राव. बसा. पोळी खावा.”

बसलो. दोन पोळ्या खाल्ल्या. गोड लागल्या की नाही ते आठवत नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

कोल्हापूरची प्रत परत आली. पत्र नाही, चिठ्ठी नाही. वरचा पत्ता खोडून माझा लिहिलाय. सुतळीची गाठ मी मारली होती तीच आहे, जशीच्या तशी. मी गाठीवर शाईचा ठिपका दिला होता, तोही जागेवर आहे.

तीन महिने ती गाठ कुणी सोडली नाही.

पार्सल ट्रंकेत ठेवलं. मीही सोडली नाही. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. दादाने विचारलं, “काय?” मी म्हटलं, “काही नाही.” ते पहिल्यांदाच खोटं होतं आणि त्याला कळलं नाही.

नानासाहेब आहेत. ती प्रत तरी उघडली असेल.

१८ एप्रिल, गुरुवार

शालन विहिरीवर भेटली. आज ती आपणहून थांबली. म्हणाली, “येत्या गुरुवारी भोसरीची मान्सं येत्यात. सुपारी फोडाया.”

मी म्हटलं, “नानासाहेबांकडून अजून काही नाही.”

तिने घागरीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “माझ्याकडं एवढ्या बायका येत्यात पत्र सांगाया. अर्ध्या जनी मोप सांगत्यात आन जे सांगायचं तेच सोडून देत्यात. मी त्यांना म्हणते, बाई, शाई सुकतीया, बोला.”

“मग बोलतात?”

“काही बोलत्यात,” ती म्हणाली आणि घागर उचलली.

चांगली उपमा आहे, शाई सुकते ही. कुठेतरी वापरायला हवी.

२५ एप्रिल, गुरुवार

सुपारी फुटली. लग्न १९ मेला. दादाला आणि मला मानाने पुढे बसवलं. मी भोसरीकरांना पानसुपारी दिली. मुलगा चांगला आहे. हात मोठे, बोलणं कमी.

छातीत काही झालं नाही. हात फिरवून पाहिला. दात काढताना गाल बधिर करतात, तेव्हा आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं.

घरी आल्यावर वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. मी काय केलं? सगळं पत्रामुळे अडलं.

७ मे, मंगळवार

आलं.

दत्तोबाने शब्द पाळला, जेवायच्या आधी आणलं. पानावरून उठून फोडलं. उष्ट्या हाताने. जसंच्या तसं उतरवतो:

‘आपले हस्तलिखित वाचले. आजारपणामुळे उत्तरास उशीर झाला. कथानक जुने आहे व ते घेता येणार नाही. तथापि प्रवेश दहा व प्रवेश एकोणतीस यांतील सासू-सुनेचे बोलणे मी घरी तीनदा वाचून दाखवले. सासू विचारते, “जेवलीस का?” सून म्हणते, “तुमी इचारलंत, त्यातच पोट भरलं.” अशी भाषा आमच्या धंद्यात कोणी लिहीत नाही. परंतु असे बोलणारी बाई शेवटी नदीत उडी घेईल हे मला पटत नाही. ते बहुधा आपणासही पटले नसावे. नव्या चित्रासाठी संवाद हवे आहेत. गुरुवार १६ रोजी येऊन भेटावे.’

ओरडत बाहेर आलो. वहिनींना दाखवलं. वहिनी रडायला लागल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, “बारा दिवस. बारा दिवस आधी आलं असतं तर, भाऊजी.”

मग मी ट्रंक उघडली. कोल्हापूरच्या पार्सलची गाठ सोडली. प्रवेश दहा काढला. माझा प्रवेश दहा असा आहे:

‘सासू: जेवलीस का? गौरी (अश्रू ढाळत): हे मातृतुल्य सासूबाई, या अभागिनीच्या भाळी अन्न कुठले! (मूर्च्छित पडते.)’

एकोणतीस काढला. तोही तसाच. पुन्हा वाचले. पुन्हा पत्र वाचलं.

८ मे, बुधवार

मारुतरावांच्या अंगणात लग्नाच्या शेवया चालू होत्या. बाजांवर शेवया वाळत घातलेल्या, सात-आठ बायका, मध्ये शालन. मी पत्र हातात घेऊन उभा राहिलो. आवाज चढला होता, कबूल करतो.

“दहावा प्रवेश कुणी लिहिला?”

आक्काबाई म्हणाल्या, “ज्योतीरामा, काय झालं रं?” शालनने हातातलं पीठ ताटात ठेवलं. “आये, पत्राचं हाय त्यांचं,” म्हणाली आणि ओट्याकडे आली. पत्र उभ्यानेच वाचलं. तिच्या ओठांचे कोपरे हलले, तेवढंच.

“तुमी म्हणालात उतरव. मी चाळीस उतरवलं. दोनच माझ्यानं उतरंनात.”

“का?”

“ती गौरी बोलतच न्हवती. सारखी पडत हुती. सासूपुढं अशी बोलली तर दुसऱ्या दिवशी सासू तिला येडी म्हनून माघारी धाडंल. या अंगनातली एक तरी बाई मूर्च्छा येऊन पडलेली बघितलीया का तुमी?”

“मला सांगायचंस तरी!”

“सांगाया आले हुते. तुमी म्हणालात, माझा प्रांत न्हाई.”

पत्र तिच्या पिठाच्या बोटांनी पांढरं झालं होतं. तिने ते पदराने पुसून परत दिलं.

“तुमचं काम झालं न्हवं? मग जावा पुन्याला,” ती म्हणाली. “माझं नाव घ्यायचं काई कारन न्हाई.”

१६ मे, गुरुवार

जायचं नाही असं दोनदा ठरवलं आणि गेलो. शनिवार पेठेत एका माडीवर नानासाहेबांची खोली आहे. म्हातारे आहेत, गळ्याला मफलर, तपकिरीची डबी पुढ्यात. मला वाटलं होतं मोठ्या टेबलामागे कुणी ऐटबाज माणूस असेल, माझ्या पार्सलावर पाय ठेवून बसलेला. खोलीत भिंतीला लागून कंबरेएवढ्या हस्तलिखितांच्या चळती होत्या. त्यांनी स्वतःच एक चळत हलवून मला जागा केली.

म्हणाले, “असं बघा. लेक सासरहून चार महिन्यांनी माहेरी आलीय. आई विचारते, ‘सुखी आहेस ना?’ लेक काय म्हणेल? लिहा. घाई नाही.”

कागद दिला आणि वर्तमानपत्र वाचत बसले.

मी लिहिलं, ‘माते’. खोडलं. ‘आई, सुखाची व्याख्या’ लिहिलं. खोडलं. तासभर गेला असेल. खाली बोहारीण ओरडत होती ते ऐकत राहिलो. त्या ओरडणाऱ्या बाईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

मी म्हटलं, “ते दोन प्रवेश माझे नाहीत.”

त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. “मग कुणाचे?”

“आमच्या घरमालकांच्या मुलीचे. तिने प्रत उतरवली.”

मला वाटलं ते हसतील. त्या प्राध्यापकांसारखे. मी उठायच्या तयारीत होतो. ते हसले नाहीत. चिमूटभर तपकीर ओढली आणि म्हणाले, “त्यांना घेऊन या.”

“रविवारी तिचं लग्न आहे.”

“मग? लग्न झालेल्या बायका लिहीत नाहीत असं कुणी सांगितलं तुम्हाला? घरूनच लिहून पाठवू दे.”

त्यांनी एका कागदावर तिच्यासाठी चार ओळी लिहिल्या, पत्ता घातला आणि घडी करून मला दिली. “हे तेवढं पोहोचवा. आणि तुम्ही खरं बोललात, ते सोपं नव्हतं.”

गाडीत घडी उघडून वाचली. चारच ओळी. माझं नाव त्यात कुठे नाही.

१९ मे, रविवार

लग्न झालं. घडी सबंध दिवस माझ्या खिशात होती. सकाळी वाटलं, हळदीच्या अंगाने ती काय वाचणार. दुपारी वाटलं, पाहुण्यांच्या देखत कसं द्यायचं. संध्याकाळी ती विटांच्या ट्रकमध्ये बसली. ट्रक धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून आणला होता. आक्काबाई रडत होत्या. ती नाही रडली. मी अक्षता टाकल्या, जेवलो, पंगतीत वाढलं.

देईन. जरा स्थिरस्थावर होऊ दे तिला.

३ जून, सोमवार

पॅकिंगमध्ये लागलो. लहान बाटल्या खोक्यात, खोक्यावर चिठ्ठी, खोकं पट्ट्यावर. दादाने पहिल्या दिवशी सगळ्यांशी ओळख करून दिली. “माझा भाऊ, कॉलेजात होता.” काम बरं आहे. डोक्यात काही ठेवावं लागत नाही.

१८ जून, मंगळवार

दत्तोबा कारखान्याच्या फाटकाशी कार्ड घेऊन उभा होता. मी बघितलंच नाही त्याच्याकडे, सवय मोडलीय.

“अवं, तुमचंच हाय. आता नको झालं व्हय?”

नानासाहेबांचं. ‘सदर मुलीचे अद्याप उत्तर नाही. चिठ्ठी पोहोचली का? चित्राचे काम थांबवून ठेवले आहे. रोज टपाल पाहतो.’

जेवणाच्या सुट्टीत ते कार्ड तीन-चारदा वाचलं. गळ्याला मफलर लावून, ते रोज टपाल पाहतात. एक महिना ती घडी माझ्या ट्रंकेत आहे, आणि मी तिला देतोय, देतोय. का दिली नाही? तिच्यावर राग आहे म्हणून? नाही. मग जे मला व्हायचं होतं ते ती होणार म्हणून? इथे मी खोटं लिहीत नाही: होय, तेच. कोल्हापूरवाल्यांनी गाठ सोडली नाही. मी तर दुसऱ्याची उघडून वाचली आणि परत बांधून ठेवली.

२३ जून, रविवार

सायकलने भोसरीला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. ओट्यावर शालन लिहीत बसलेली. समोर तिची सासू, सुभद्राबाई, मुंबईच्या लेकीला पत्र सांगत होती.

“लिव, म्हैस व्याली. लिव, सून चांगली हाय. आता तुज्या देखत कसं सांगू, पर लिव.”

“लिवलं, मामी. आन काय?”

“आन काय, मन लागत न्हाई. नगं, ते लिवू नगंस.”

“लिवलं,” शालन म्हणाली.

मला बघून ती उठली नाही. पाणी मात्र आलं. “आमच्या घरात भाड्यानं ऱ्हात्यात, कारखान्यात हायत,” असं तिने सासूला सांगितलं. मी घडी दिली. म्हटलं, “महिन्याआधीच द्यायची होती. माझ्याकडे पडून राहिली.”

तिने वाचली. मग पुन्हा वाचली. सुभद्राबाई म्हणाल्या, “काय गं, कुनाचं?”

“पुन्याचं एक काम हाय, मामी. लिवायचं.”

“मग लिव की. पर आधी माजं पुरं कर.”

शालन हसली. मी तिला इतक्या महिन्यांत हसताना पाहिलं नव्हतं, किंवा पाहत नव्हतो. मी पाणी एका दमात पिऊन टाकलं.

“त्यांना सांगा,” ती म्हणाली, “पयल्या पंचमीला माहेरी येईन, महिना-दीड महिन्यात. आमच्या ओट्यावर बसल्याबिगर मला सुचायचं न्हाई. तवर थांबतील का?”

“थांबतील,” मी म्हटलं. “मी लिहितो त्यांना.”

घरी येऊन लगेच कार्ड लिहिलं. खाडाखोड नाही, उपमा नाही:

‘नानासाहेब, चिठ्ठी आजच पोहोचली. विलंबाचा दोष सर्वस्वी माझा. त्या लिहिणार आहेत. पंचमीला त्या माहेरी येतात, तोवर कृपा करून वाट पाहावी. त्यांचे नाव शालन. पुढील पत्र त्यांच्या नावे पाठवावे. — ज्योतीराम, पॅकिंग खाते.’